टॉन्सिल काढल्यानंतरचे दिवस

लहान मुलाचे टॉन्सिल काढावयाचे ठरले म्हणजे घरातील सर्वांचे लक्ष शस्त्रक्रियेच्या दिवसाकडे लागते. भूल कशी देतील, किती वेळ लागेल, रक्त किती जाईल, याच चिंता मनात घोळत असतात. मूल बाहेर आले, त्याने डोळे उघडून आईला ओळखले, संध्याकाळी दोन चमचे आइस्क्रीम खाल्ले, म्हणजे 'सुटलो' असे वाटून आपण निःश्वास टाकतो. परंतु त्या तासाला मूल जाणत्या हातांत असते. त्यानंतरचे चौदा दिवस ते आपल्या हातांत असते, आणि त्या दिवसांविषयी आपणांस फारच थोडे सांगितलेले असते. ज्या बापाला हे ठाऊक नव्हते आणि नंतर कळले, त्याने केलेले हे निवेदन आहे. मी वैद्य नाही, सरकारी नोकर आहे. तेव्हा यात जे शास्त्र येईल ते डॉक्टरांना विचारून व वाचून मिळविलेले, आणि जी चूक येईल ती माझी स्वतःची.

बदलीमुळे आम्ही बंगळूरला आलो आणि शहराच्या दक्षिणेकडील बनशंकरी या भागात घर घेतले. नाव ऐकूनच माझ्या आईला समाधान वाटले. बदामीजवळची बनशंकरी ही पुष्कळ मराठी घराण्यांची कुलदेवता आहे, तशीच आमचीही. येथील कनकपुरा रस्त्यावरील देवीचे देऊळ १९१५ सालचे. तेथे राहुकाळात लिंबे अर्धी कापून, रस पिळून, सालीची वाटी उलटी करून तिच्यात दिवा लावण्याची चाल आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी त्या बाजूने गेले की लिंबाच्या सालीचा जळका, आंबूस वास रस्त्यापर्यंत येतो. या लिंबांचा विषय पुढे पुन्हा येणार आहे.

आमचा मुलगा सहा वर्षांचा. त्याचा घसा वारंवार येत असे हे खरे. पण डॉक्टरांना अधिक काळजी वाटली ती त्याच्या झोपेची. तो मोठ्या माणसासारखा घोरे. घोरता घोरता एकदम शांतता पसरे, छाती हलत असे पण श्वास आत जात नसे, आणि मग एक उसासा देऊन तो कूस बदले. घोरणारे मूल गाढ झोपले आहे, अशी आमची समजूत होती. ते मूल झोपत नव्हते, रात्रभर श्वासासाठी झगडत होते, हे आम्हांस पुष्कळ उशिरा कळले.

टॉन्सिल म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. आ केला असता पडजिभेच्या दोन्ही बाजूंस जे दोन उंचवटे दिसतात, तेच हे. त्यांच्याच जातीच्या पेशींचे पुंजके नाकाच्या मागे, जिभेच्या मुळाशी आणि घशाच्या भिंतीवरही असतात. सर्व मिळून नाकातोंडाच्या वेशीवर एक कडेच तयार होते. वाल्डायर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात या कड्याचे वर्णन केले आणि ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. बाहेरून येणाऱ्या जंतूंची ओळख करून घेणे हे या कड्याचे काम. बालपणी हे काम जोरात चालते, म्हणून त्या वयात टॉन्सिल मोठे असणे हे स्वाभाविकच होय; पुढे वयाबरोबर ते आपोआप आकसत जातात. ते वाढून श्वासाची वाट अडवू लागले, किंवा पुनःपुन्हा पिकू लागले, तरच ते काढण्याचा प्रश्न उद्भवतो.

हा उपाय नवा नव्हे. सुश्रुतसंहितेत मुखरोगांच्या प्रकरणी गळ्यातील आवळ्याच्या बीएवढ्या एका गाठीचे वर्णन आहे. तिला 'गिलायु' म्हटले असून ती शस्त्रसाध्य मानली आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममधील सेल्सस याने टॉन्सिल बोटाने सोडवून काढण्याची रीत लिहून ठेवली आहे; भूल नसलेल्या त्या काळातील रोग्याची कल्पनाच करवत नाही. विसाव्या शतकात भूल सुरक्षित झाली आणि पारडे एकदम दुसऱ्या बाजूस झुकले. १९३४ साली प्रसिद्ध झालेली न्यूयॉर्कमधील एक पाहणी या बाबतीत उद्बोधक आहे. शाळेतील १००० मुले तपासली, तेव्हा त्यांतील शेकडा ६१ मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले आढळले. उरलेली मुले डॉक्टरांना दाखविली. त्यांनी जवळजवळ निम्म्यांना शस्त्रक्रिया सांगितली. ज्यांना 'नको' म्हटले होते ती मुले दुसऱ्या डॉक्टरांपुढे उभी केली. त्यांनीही पुन्हा जवळजवळ निम्म्यांना ती सांगितली. तिसऱ्या वेळीही तेच घडले. अखेर हजारांत केवळ ६५ मुले अशी उरली, की ज्यांना कोणीच शस्त्रक्रिया सुचविली नव्हती! आमच्या कार्यालयांतही एकाच फायलीवर तीन टेबलांवर तीन निरनिराळे शेरे पडतात; पण येथे प्रश्न मुलाच्या घशाचा होता.

आज निकष बरेच कडक झाले आहेत. पिट्सबर्गच्या जॅक पॅराडाइज या बालवैद्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासावरून एक माप रूढ झाले आहे: एका वर्षात सात वेळा, किंवा लागोपाठ दोन वर्षे दर वर्षी पाच वेळा, किंवा तीन वर्षे दर वर्षी तीन वेळा, आणि तोही ताप, पू, गळ्यातील गाठी यांसह नोंदलेला घसा, तरच शस्त्रक्रियेचा विचार करावा. झोपेतील श्वासाच्या अडथळ्याचे कारण याहून निराळे व अधिक निकडीचे आहे. तेथेही घाई मात्र नको. २०१३ साली अमेरिकेत ४६४ मुलांवर केलेल्या एका मोठ्या चाचणीत असे दिसले, की शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी शेकडा ७९ मुलांचा झोपेतील श्वास सात महिन्यांत नियमित झाला. पण नुसती वाट पाहिलेल्यांपैकीही शेकडा ४६ मुलांचा झाला. आमच्या मुलाची झोपेची तपासणी झाली, आम्ही काही महिने वाट पाहिली, आणि मगच शस्त्रक्रिया ठरली. ती विनाविघ्न पार पडली. दुसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. हातात एक छापील कागद होता; त्यावर औषधांची नावे आणि 'मऊ आहार द्यावा' एवढा मजकूर.

कारकुनी सवयीने मी एक वही केली. शस्त्रक्रियेचा दिवस मोजावयाचा की नाही यावर घरात थोडा वाद झाला. अखेर तो शून्य दिवस धरला. रोज ताप, औषधाची वेळ, पेयांचे पेले, लघवीच्या खेपा, असे रकाने आखले. पहिले दोन दिवस वही पाहून समाधान वाटत होते. पहिल्या दिवशी सहा पेले, दुसऱ्या दिवशी पाच. शेजारच्या कानडी अज्जी रोज सकाळी नाचणीची पातळ गंजी आणून देत. त्यांना मुलगा 'गंटलु नोवु', म्हणजे घसा दुखतो, असे सांगून कौतुक करून घेई आणि गंजी पिऊन टाकी. तिसऱ्या दिवशी पेले चारवर आले. चौथ्या दिवशी तीन. पाचव्या दिवशी त्याने तोंड मिटून घेतले. तो रडे, कानावर हात दाबी, तोंडाला कुजकट दर्प येऊ लागला होता, आणि विजेरीच्या उजेडात पाहिले तर घशाच्या दोन्ही बाजूंस पिवळट पांढरा थर! आम्हांस वाटले, पू झाला, शस्त्रक्रिया बिघडली.

खरी गोष्ट अशी, की यांतील एकही लक्षण बिघाडाचे नव्हते. टॉन्सिल काढल्यावर मागे जी जखम राहते ती शिवत नाहीत. ती उघडीच असते, आणि भरून येते तीही उघडीच. हातावर खरचटले तर कोरडी, काळसर खपली धरते. घशात सदैव ओल असल्यामुळे तीच खपली पांढुरकी आणि मऊ, दुधावरील सायीसारखी दिसते. तो पू नव्हे. दर्प येतो तो या थरामुळे. कान दुखतो, पण कानात काहीच झालेले नसते. घशाची संवेदना नेणारा जो मज्जातंतू, त्याचीच एक शाखा कानाच्या आतल्या भागात जाते, आणि वेदना नेमकी कोठून आली हे मेंदूला ओळखता येत नाही. पहिल्या दिवसांत मूल हसत होते याचे श्रेय बऱ्याच अंशी शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेल्या औषधांना होते. त्यांचा अंमल उतरतो तसा घसा सुजतो आणि गिळताना स्नायू आखडतात. पुढे पाचव्या दिवसापासून पुढील चार-पाच दिवसांत तो पांढरा थर सुटू लागतो आणि खालची कोवळी जागा उघडी पडते. म्हणजे दुखणे रोज थोडे थोडे कमी होत जाईल ही आपली अपेक्षाच चुकीची असते. ते आधी उतरते, मग चढते, आणि मग हळूहळू उतरते. हे आधी सांगितलेले असते तर पाचव्या दिवसाचे भय पुष्कळसे टळले असते.

या चढावर आम्ही जी चूक केली ती सांगितली पाहिजे. मुलाचे हाल पाहवेनात, म्हणून मी पाणी पिण्याचा आग्रह सोडला. औषधही 'रडेल तेव्हा देऊ' असे ठरविले, आणि रात्री झोपला आहे तर कशाला उठवा, म्हणून रात्रीचा डोस गाळला. परिणाम उलटाच झाला. रात्रभर घसा कोरडा पडे, सकाळी पहिला घोट काट्यासारखा टोचे, म्हणून तो पीत नसे. पीत नसे म्हणून घसा आणखी सुके. वहीत लघवीच्या खेपा दिवसातून दोनवर आल्या, तेव्हा मी भानावर येऊन डॉक्टरांना दूरध्वनी केला. त्यांनी सांगितले ते असे: वेदनाशामक औषध वेदनेच्या मागे धावण्यासाठी नाही, तिच्या पुढे राहण्यासाठी आहे. पहिला आठवडा ते घड्याळावर द्या, रात्री उठवूनसुद्धा. वजनावरून ठरविलेल्या मापाबाहेर मात्र एक थेंबही नाही. औषध दिल्यावर अर्ध्या तासाने, घसा थोडा निवला असता, प्यावयास द्या. एकदम पेलाभर नको. दहा दहा मिनिटांनी दोन चमचे द्या. दोन-चार दिवस अन्न कमी गेले तर चालेल, पाणी कमी गेलेले चालणार नाही.

औषधांविषयी आणखी दोन गोष्टी मला तेव्हाच कळल्या. घरात पडलेली ॲस्पिरिनची गोळी मुलाला कदापि देऊ नये. तिने रक्त गोठण्यास अडथळा येतो, शिवाय मुलांत तिचे इतरही धोके आहेत. दुसरी गोष्ट कोडीन या औषधाची. खोकल्यावर आणि वेदनेवर ते जगभर सर्रास देत असत. काही मुलांचे शरीर त्याचे मॉर्फिनमध्ये फार वेगाने रूपांतर करते आणि श्वास मंदावतो. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर असे मृत्यू घडल्यामुळे २०१३ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने याविरुद्ध कडक इशारा दिला. तेव्हा शेजाऱ्याच्या मुलाला लागू पडलेली बाटली आपल्या मुलाला पाजू नये, हे उघड आहे.

आहाराच्या बाबतीत घरोघरी मतभेद होतात. वडील माणसे 'थंड नको' म्हणतात, डॉक्टर आइस्क्रीम चालेल म्हणतात. थंड पदार्थाने सूज आणि ठणका थोडा कमी होतो, इतकेच. ते खाल्लेच पाहिजे असे नाही. आमच्या मुलाला थंड दुधापेक्षा कोमट पेज आणि मऊ दहीभात आवडला. आंबट, तिखट आणि कडक पदार्थ मात्र जखमेला झोंबतात. आईने बेळगावहून फोनवरून सांगितले होते, की देवीच्या प्रसादाचे लिंबू सरबत करून नातवाला पाजा. देवळाच्या इतक्या जवळ राहून आम्ही लिंबाला नाही म्हणतो याचे तिला वाईट वाटले. लिंबू आम्ही देव्हाऱ्यात ठेवले.

आता प्रवासाची गोष्ट. माझ्या पुतण्याची मुंज बेळगावला आठव्या दिवशी होती. सातव्या दिवशी रात्री मिरजेकडे जाणारी राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडली की सकाळी बेळगाव. एका रात्रीचा प्रश्न. मुलगा घड्याळी औषधाने सुधारला होता, पेले पुन्हा पाचांवर आले होते. घरचे कार्य, आईचा आग्रह आणि मुलाचा हट्ट, असे तिन्ही एका बाजूला होते. डॉक्टरांनी एका वाक्यात नकार दिला: चौदा दिवस रुग्णालयापासून अर्ध्या तासाहून दूर जावयाचे नाही. मला ती जरा अतिरिक्त खबरदारी वाटली. तरीही मी तिकिटे रद्द केली, आणि आई दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

त्याच रात्री दोनच्या सुमारास पत्नीने मला उठविले. मुलगा झोपला होता, पण झोपेत सारखे गिळत होता. एरवी तो गिळणे टाळीत असे. आता दर काही क्षणांनी त्याचा घसा हलत होता. त्याला बसते केले तेव्हा तो उमासे देऊन ओकला. ओकारी काळपट, कॉफीच्या गाळासारखी होती, आणि तिच्यात ताज्या लाल रक्ताच्या रेषा होत्या.

शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव दोन प्रकारचा असतो. एक पहिल्या चोवीस तासांतील. तो बहुधा रुग्णालयातच लक्षात येतो. दुसरा तो पांढरा थर सुटण्याच्या दिवसांतील, बहुतेक पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यानचा. तो विरळा आहे. निरनिराळ्या नोंदींत त्याचे प्रमाण शेकडा एकाहून कमी ते तीनपर्यंत आढळते. पण ज्या दिवसांत दुखण्याचा चढ स्वाभाविक म्हणून सोसावयाचा असतो, नेमक्या त्याच दिवसांत तो येतो, हीच यातली खरी अडचण. पालकाला एकाच वेळी दुखण्यास भिऊ नये आणि रक्तास भ्यावे, असे दोन धडे पाठ असावे लागतात. मोठा माणूस रक्त थुंकतो. मूल ते गिळते. म्हणून बाहेर रक्त न दिसताही झोपेत सारखे गिळणे, अकारण उमासे येणे, चेहरा फिका पडणे, ही लक्षणे ओळखता आली पाहिजेत. ताजे लाल रक्त दिसले, मग ते चमचाभर का असेना, तर सकाळची वाट पाहावयाची नाही. मुलाला बसते ठेवावयाचे, पुढे झुकवून थुंकू द्यावयाचे, खावयास काही द्यावयाचे नाही आणि थेट रुग्णालय गाठावयाचे.

रात्री दोन वाजता बनशंकरीचे रस्ते मोकळे असतात. पंधरा मिनिटांत आम्ही पोचलो. डॉक्टरांनी डाव्या बाजूस रक्ताची गुठळी असल्याचे पाहिले, हाताच्या शिरेतून सलाईन सुरू केले, रक्त तपासले आणि शस्त्रक्रियेची खोली तयार ठेवावयास सांगितली. तिची गरज पडली नाही. पहाटेपर्यंत रक्त थांबले. खिडकीतून उजाडताना पाहत असता माझ्या मनात एकच हिशेब चालला होता: आम्ही गाडीत असतो तर दोन वाजता तुमकुराच्या पुढे, दोन स्थानकांच्या मधल्या काळोखात असतो. सकाळी आईला फोनवर हे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मुंज काय, फोटोत बघेल तो."

जखम भरून येण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. या काळात इतरही काही गोष्टी दिसतात. मुलाचा आवाज काही दिवस बदललेला, थोडा किनरा वाटतो. झोपेत दचकणे, आईला चिकटून बसणे, चिडचिड, हे भूल व रुग्णालय यांनंतर एक-दोन आठवडे पुष्कळ मुलांत आढळते आणि आपोआप जाते.

एका जुन्या भयाचा उल्लेख येथे करावासा वाटतो. आमच्या आजोबांच्या पिढीत पोलिओची साथ असता टॉन्सिलची शस्त्रक्रिया पुढे ढकलीत, कारण घशातील जखमेमुळे तो रोग श्वास व गिळणे यांच्या केंद्रांवर घाला घालण्याचा संभव वाढे. २०१४ साली भारत पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला आणि पालकांची एक चिंता संपली.

दोन महिन्यांनी पावसाळा लागला आणि मुलाला सर्दी होऊन घसा पुन्हा दुखू लागला. 'मग शस्त्रक्रिया कशासाठी केली?' हा प्रश्न घरात प्रत्येकाने मला विचारला. उत्तर त्या कड्यात आहे, ज्याचा उल्लेख मी आरंभी केला. दोन टॉन्सिल गेले, तरी जिभेच्या मुळाशी व घशाच्या भिंतीवर असलेले पुंजके राहतातच. आणि मुलांचे घसे बहुतांशी विषाणूंनी येतात, त्यांना टॉन्सिल असण्या-नसण्याशी कर्तव्य नसते. पॅराडाइज यांच्या अभ्यासातही शस्त्रक्रियेचा लाभ पहिली दोन वर्षे स्पष्ट दिसला, आणि तिसऱ्या वर्षी तो बराच ओसरला. कारण शस्त्रक्रिया न केलेली मुलेही वाढत्या वयाबरोबर सुधारत होती. तेव्हा टॉन्सिल काढले म्हणजे घसा कायमचा बरा झाला, असे कोणी सांगितले तर ते खरे मानू नये. मात्र घशाबरोबर मोठा ताप असेल तर डॉक्टरांना दाखवावे. स्ट्रेप्टोकोकस जंतूचा घसा टॉन्सिल नसतानाही होऊ शकतो, आणि त्याकडे दुर्लक्ष झाल्यास पुढे सांधे व हृदय यांना इजा पोचण्याचा धोका आपल्या देशात अजून गेलेला नाही.

एका सहकाऱ्याने मला आणखी एक प्रश्न विचारला. त्याच्या मुलीला घशाच्या आजारानंतर अचानक डोळे मिचकावण्याची व पुनःपुन्हा हात धुण्याची खोड जडली होती. टॉन्सिल काढले तर ती जाईल काय? स्ट्रेप्टोकोकसच्या संसर्गानंतर काही मुलांत अशी लक्षणे एकाएकी उद्भवतात, असे सुझन स्वीडो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली अमेरिकेत मांडले. त्यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे, आणि केवळ त्यासाठी टॉन्सिल काढल्याने ही लक्षणे जातात असे सिद्ध झालेले नाही. मी त्याला बालरोगतज्ज्ञाकडे जावयास सांगितले.

आमच्या मुलाची ती सर्दी चार दिवसांत गेली. घोरणे परत आले नाही. पहिले काही आठवडे त्या शांततेचीच आम्हांस सवय नव्हती. पत्नी रात्री उठून त्याच्या छातीवर हात ठेवून पाही. वहीतील नोंदी एकविसाव्या दिवशी संपल्या आहेत. त्या दिवशीच्या रकान्यात पेल्यांचा आकडा नाही. 'चकली, अडीच' एवढेच लिहिले आहे.